जिल्ह्याचा निकाल वाचताना

महाराष्ट्राच्या दहावीच्या निकालाचे लागोपाठच्या चार वर्षांचे आकडे असे आहेत : २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के, २०२० मध्ये ९५.३० टक्के आणि २०२१ मध्ये ९९.९५ टक्के. गावे तीच होती, शाळा त्याच होत्या, शिकवणारेही बहुतेक तेच. तरी एका वर्षात निकाल बारा टक्क्यांनी खाली आला आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वर गेला.

याचे कारण परीक्षेच्या रचनेत सापडते. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांसाठी शाळांच्या हातात असलेले तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. निकाल कोसळल्यावर हे अंतर्गत गुण परत आले. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. आधीच्या वर्षाचे गुण आणि शाळेने केलेले मूल्यमापन यांवर निकाल लावला गेला. म्हणजे या चार आकड्यांतून मुलांच्या शिकण्याबद्दल फार थोडे कळते आणि परीक्षा कशी घेतली याबद्दल बरेच कळते.

तरीही दरवर्षी निकालाच्या दिवशी आपण याच आकड्यांवरून जिल्ह्यांना शाबासकी देतो किंवा नावे ठेवतो. ‘आमचा जिल्हा कितवा आला?’ हा प्रश्न पालक विचारतात, वर्तमानपत्रे विचारतात आणि जिल्हा परिषदेच्या सभागृहात सदस्यही विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मागणे हा लोकांचा हक्कच आहे. पण तो हिशेब क्रमांकावरून लागत नाही. शाळांनी मुलांना किती पुढे नेले हे कळायला आकडा कोणत्या परीक्षेचा, त्यात कोण मोजले गेले, कोण सुटले आणि तीच मुले आधी कुठे होती, एवढे तरी पाहावे लागते.

उत्तीर्णतेची रेघ

दहावीच्या निकालाची टक्केवारी म्हणजे एका रेघेच्या वर किती मुले गेली याची मोजदाद. ३५ गुणांवर काठावर निघालेला आणि ९५ गुण मिळवणारा, दोघेही या मोजदादीत सारखेच. त्यामुळे रेघ खाली असेल तर जवळजवळ सगळेच वर दिसतात आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतले अंतर झाकले जाते. रेघ थोडी वर गेली की तेच अंतर उघडे पडते.

कोकण आणि नागपूर या दोन विभागीय मंडळांची तुलना करून हे पाहता येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे कोकण मंडळ राज्यात सातत्याने पहिले येते. २०१८ मध्ये कोकणचा निकाल ९६ टक्के होता आणि नागपूरचा सुमारे ८६. अंतर दहा टक्क्यांचे. २०१९ मध्ये कोकण ८८.३८ आणि नागपूर ६७.२७, अंतर एकदम एकवीस टक्क्यांचे झाले. २०२४ मध्ये कोकण ९९.०१ आणि नागपूर ९४.७३, अंतर चारांवर आले. २०१९ ते २०२४ या काळात विदर्भातल्या शाळांनी कोकणाला गाठले असा निष्कर्ष यातून काढणे धाडसाचे ठरेल. परीक्षा सोपी झाली की सगळेच आकडे शंभराच्या छताला टेकतात आणि फरक दिसेनासा होतो.

सरासरीचा आकडा आणि टोकाचा आकडा यांतही गल्लत होते. २०२५ च्या दहावीच्या निकालात शंभर टक्के गुण मिळवणारे राज्यात २११ विद्यार्थी होते आणि त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागाचे. ‘लातूर पॅटर्न’चा दबदबा त्या दिवशी पुन्हा सगळीकडे गाजला. त्याच निकालात उत्तीर्णतेच्या टक्केवारीत लातूर विभाग नऊ मंडळांत आठवा होता. दोन्ही आकडे खरे आहेत. एक आकडा वरच्या मूठभर मुलांबद्दल सांगतो, दुसरा काठावरच्या हजारो मुलांबद्दल. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे या विभागात येतात. तिथल्या एखाद्या वाडीवरच्या पालकाला आपल्या मुलीच्या शाळेविषयी काही समजून घ्यायचे असेल, तर शंभर टक्केवाल्यांच्या यादीचा त्याला फारसा उपयोग नाही.

कोणती चाचणी कशासाठी

आपल्याकडे मुलांचे शिकणे मोजणाऱ्या चाचण्या आता बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचे काम वेगळे आहे. गोंधळ होतो तो एकीचे काम दुसरीकडून करून घेतल्यामुळे.

शिष्यवृत्ती परीक्षा ही हुशार मुले शोधण्यासाठी आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. तिला बसणारी मुले शाळाच निवडते. जादा तास घेऊन, सराव प्रश्नसंच सोडवून त्यांची तयारी करून घेतली जाते. गुणवत्ता यादीत गावातली चार मुले झळकली, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि त्यामागे शिक्षकांची मेहनत असते. पण त्याच वर्गातल्या न बसवलेल्या मुलांविषयी ती यादी काहीच बोलत नाही.

राष्ट्रीय पातळीवरचे सर्वेक्षण वेगळ्या जातीचे आहे. एनसीईआरटीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नोव्हेंबर २०१७ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. त्यानंतर ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ या नावाने पुढची फेरी झाली. देशातल्या ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळांमधली तिसरी, सहावी आणि नववीची २१ लाखांहून अधिक मुले तिला बसली. तिसरीच्या मुलांनी भाषेत सरासरी ६४ टक्के आणि गणितात ६० टक्के प्रश्न बरोबर सोडवले. नववीच्या गणितात हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. वर्ग जसा वर चढतो तशी गणिताची पकड सुटत जाते, हे देशभरचे चित्र त्यातून स्पष्ट दिसते. पण भागाकार केला तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी ९५ शाळा येतात. आपल्याकडच्या मोठ्या जिल्ह्यांत शाळांची संख्या हजारांत असते. त्यामुळे जिल्ह्याचे ढोबळ चित्र या सर्वेक्षणातून मिळते. तालुक्याचे किंवा शाळेचे मिळत नाही. आणि २०२१ पर्यंत पाचवी व आठवी तपासली जायची, २०२४ मध्ये सहावी व नववी. वरच्या वर्गांच्या दोन फेऱ्या शेजारी ठेवून ‘प्रगती’ किंवा ‘अधोगती’ ठरवायला हा बदल आडवा येतो.

तिसरी चाचणी ‘असर’. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून हे सर्वेक्षण चालवले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे मुलांना ते शाळेत गाठत नाही, घरी गाठते. ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडली जातात. स्वयंसेवक मुलासमोर बसतो आणि वाचायला देतो : आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि तिथून तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्यापर्यंत. शाळेत न जाणारे, त्या दिवशी गैरहजर असलेले, खासगी शाळेत घातलेले, सगळेच यात येतात. सरकारी शाळेत शिकणाऱ्या तिसरीच्या किती मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, याचे देशाच्या ग्रामीण भागातले प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. कोरोनानंतर २०२२ मध्ये ते १६.३ वर आले आणि २०२४ मध्ये २३.४ वर गेले. दोन वर्षांतली ही वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागत करायला हवे. तरीही तिसरीतल्या चारांपैकी तीन मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे वास्तव त्याच आकड्यात आहे.

‘असर’च्या आकड्यालाही मर्यादा आहे. २०२४ मध्ये ६०५ जिल्ह्यांतून साडेसहा लाखांच्या आसपास मुले पाहिली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे हजार-अकराशे मुले, वय वर्षे ३ ते १६. एका इयत्तेच्या वाट्याला येतात सत्तर-ऐंशी. इतक्या थोड्या मुलांवरून काढलेला टक्का केवळ निवडीच्या योगायोगाने दहा-बारा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. एखाद्या जिल्ह्याची तिसरी ४० वरून ४६ वर गेली म्हणून ढोल वाजवायला नकोत आणि ४० वरून ३५ वर आली म्हणून नोटिसाही काढायला नकोत. राज्याचा आकडा मात्र कितीतरी अधिक मुलांवर उभा असतो, म्हणून तो जास्त भरवशाचा.

चौथी आपल्याच राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली २०२३-२४ पासून ती सुरू झाली. आधी पायाभूत, मग संकलित एक आणि दोन. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे तीन विषय. ही चाचणी नमुन्यातल्या मोजक्या मुलांची नाही, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या त्या-त्या वर्गाच्या सर्व मुलांची आहे. आणि एकाच मुलाला वर्षात पुन्हा पुन्हा भेटते. शिक्षकाला वर्गातल्या प्रत्येक मुलाविषयी नावानिशी काही सांगू शकेल अशी मोठ्या प्रमाणावरची चाचणी आपल्याकडे हीच आहे. तिचे महत्त्व पुढे पाहू.

जो हजर, तोच मोजला जातो

शाळेत घेतलेल्या कुठल्याही सर्वेक्षणात त्या दिवशी वर्गात बसलेले मूलच मोजले जाते. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या गेल्या तीनही फेऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरात झाल्या. हा काळ मराठवाड्यात आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात कसला असतो, हे सांगायला नको. दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिवच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्याबरोबर लेकरेही निघतात. काही आजी-आजोबांकडे राहतात, काहींना हंगामी वसतिगृहाचा आधार मिळतो आणि बाकीची सातारा, सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या तळावर पोचतात. चाचणीच्या दिवशी गावच्या शाळेत त्यांची जागा रिकामी असते. जिथे गेली तिथल्या शाळेच्या पटावर ती बहुधा नसतातच. ज्यांचे शिक्षण सर्वांत जास्त तुटते तीच मुले अशा रीतीने दोन्ही जिल्ह्यांच्या सरासरीतून निसटतात आणि सरासरी प्रत्यक्षापेक्षा बरी दिसते. म्हणून टक्केवारीच्या शेजारी ‘पटावर किती आणि हजर किती’ हा रकाना असायलाच हवा.

लहान शाळांचे गणित याहून नाजूक. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत पाचवीच्या वर्गात सात-आठ मुले असतात. आठांपैकी दोन मुले ऊसतोडीला गेली किंवा तापाने आजारी पडली, तर निकाल पंचवीस टक्क्यांनी हलतो. गुणवत्तेच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली लहान शाळाच पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्यांच्या शिकवण्यात दरवर्षी एवढा चढउतार होत नसतो. संख्याच इतकी लहान की एकेका मुलाचे वजन फार पडते. अशा शाळेला एका वर्षाच्या टक्क्यावरून ‘ड’ श्रेणी लावणे हा शिक्षकांवर अन्याय आहे. तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र पाहिले तरच त्या शाळेबद्दल काही ठामपणे बोलता येते.

घरून आणलेली शिदोरी

मूल शाळेत येते तेव्हा कोरे येत नाही. घरात पुस्तके आहेत का, आई किती शिकली आहे, पोटभर खाऊन येते का, घरात कोणती भाषा बोलली जाते, या सगळ्याची शिदोरी बरोबर असते. सरासरी गुणांत तिचा वाटा फार मोठा असतो.

२०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक होती आणि नंदुरबारची ६४ टक्के. नंदुरबारच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. सातपुड्याच्या डोंगरातले मूल घरी भिली, पावरी किंवा मावची बोलते. मेळघाटातले मूल कोरकू बोलते, भामरागडचे माडिया. त्याच्यासमोर येणाऱ्या प्रश्नपत्रिकेवर ‘प्रथम भाषा : मराठी’ असे लिहिलेले असते, पण त्याच्यासाठी ती दुसरी भाषा असते. गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडते ते पुष्कळदा भाषेवर, बेरजेवर नाही. बाजारात हिशेब चोख करणारे पोर कागदावर शून्य आणते, यात नवल नाही.

मग सिंधुदुर्ग पहिला आणि नंदुरबार मागे, या क्रमवारीतून दोन्हीकडच्या शिक्षकांच्या कामाबद्दल काय समजले? फार थोडे. कदाचित अक्कलकुव्याच्या एखाद्या शिक्षिकेने वर्षभरात मुलांना मराठीच्या उंबरठ्यापासून गोष्ट वाचण्यापर्यंत आणले असेल. तिच्या वर्गाची सरासरी तरीही कोकणातल्या वर्गापेक्षा कमीच राहील आणि तिचे काम क्रमवारीत कुठेच दिसणार नाही.

हे काम आकड्यांत पकडता येते, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे शाळा चालवणारे स्थानिक जिल्हे असतात आणि तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ शॉन रीअर्डन यांनी अकरा हजारांहून अधिक शालेय जिल्ह्यांचे निकाल एका मापावर आणले. सरासरी गुण पाहिले तर श्रीमंत जिल्हे वर आणि गरीब खाली, हे चित्र अपेक्षेप्रमाणे निघाले. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला : तिसरीतली मुले आठवीत पोचेपर्यंत किती पुढे गेली? तेव्हा क्रम पार बदलला. शिकागो हा मोठा, गरिबीने ग्रासलेला जिल्हा. तिथली तिसरीची मुले देशाच्या सरासरीच्या मागे होती. पण २००९ मध्ये तिसरीत असलेल्या मुलांनी २०१४ मध्ये आठवीत पोचेपर्यंत पाच वर्षांत सहा वर्षांइतकी प्रगती केली होती. मोठ्या शहरांत असा वेग विरळा. जिल्हा किती श्रीमंत आहे यावरून तिथल्या मुलांची वाढ किती होईल हे सांगता येत नाही, असे या अभ्यासातून पुढे आले. सरासरी गुण घरची परिस्थिती बरीचशी सांगतात. शाळेने काय केले हे मुलांच्या वाढीवरून कळते.

आकड्याला शिक्षा जोडली की

दुसऱ्या एका अमेरिकी जिल्ह्याची गोष्ट धडा म्हणून लक्षात ठेवावी अशी आहे. २००२ मध्ये अमेरिकेत ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा नावाचा कायदा आला. दरवर्षी चाचणी, दरवर्षी गुणांत वाढ, आणि वाढ नसेल तर शाळेवर कारवाई, अशी त्याची आखणी होती. अटलांटा शहराच्या शाळांचे गुण त्या काळात भराभर वाढले आणि जिल्ह्याच्या अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्कृष्ट अधीक्षकाचा सन्मान मिळाला. पण गुणांतली वाढ अविश्वसनीय आहे, असे स्थानिक वर्तमानपत्राने दाखवून दिले. उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडीचे विश्लेषण झाले : चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा कितीतरी पट अधिक निघाल्या. २०११ च्या चौकशी अहवालानुसार तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाले होते आणि त्यांत १७८ शिक्षक-मुख्याध्यापक गुंतले होते. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले.

या प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान मुलांचे झाले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्या नावापुढे ‘येते’ अशी नोंद लागली आणि त्याला जी जादा मदत मिळायला हवी होती तिची गरजच कागदावर संपली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच सांगितले होते की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगले जातील तितका तो आकडा भ्रष्ट होत जाईल आणि ज्या कामाचे मोजमाप तो करतो त्या कामालाही भ्रष्ट करील.

आपल्या देशात हा धोका कल्पनेतला नाही. डग जॉन्सन आणि आंद्रेस पाराडो या संशोधकांनी २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे राज्यवार आकडे ‘असर’ आणि भारत मानव विकास सर्वेक्षण यांच्याशी ताडून पाहिले. स्वतंत्रपणे झालेली ही दोन सर्वेक्षणे बऱ्याच अंशी एकमेकांशी जुळली. सरकारी सर्वेक्षणाचे आकडे मात्र त्यांच्यापेक्षा ठळकपणे चढे निघाले. अर्थतज्ज्ञ अभिजित सिंह यांनी आंध्र प्रदेशात केलेल्या प्रयोगात कागदावर घेतलेल्या चाचणीत गुण फुगलेले आढळले, तर टॅबलेटवर घेतलेल्या चाचणीत तो फुगवटा बराच कमी झाला. कुणा एकाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ज्या यंत्रणेत खालचा आकडा सांगितला की कारणे दाखवा नोटीस येते, त्या यंत्रणेत वर जाणारा प्रत्येक आकडा थोडा थोडा सुधारत जातो. शिक्षक केंद्रप्रमुखाला, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि तो शिक्षणाधिकाऱ्याला बरे तेच सांगतो. शेवटी मंत्रालयात पोचलेला आकडा निर्धास्त करणारा असतो आणि निरुपयोगी असतो.

चाचणी मुलाच्या उपयोगी पडते तेव्हा

चाचण्या नकोतच, असा याचा अर्थ नाही. चाचणीमुळे गरिबांच्या मुलांचे भले झाल्याचा भक्कम पुरावा आपल्या मुंबईतूनच जगाला मिळाला. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’चा ‘बालसखी’ कार्यक्रम चालला. तिसरी-चौथीतली वाचन-गणितात मागे राहिलेली वीसेक मुले रोज दोन तास वर्गातून बाजूला घेतली जात आणि त्याच वस्तीतली, थोडे प्रशिक्षण घेतलेली तरुणी त्यांना जिथे अडले तिथपासून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाची काटेकोर पाहणी केली. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी फायदा दुप्पट दिसला आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची पद्धत पुढे अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतल्या देशांतही गेली. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात मुंबईच्या या वर्गांचाही वाटा होता.

तिथेही चाचणी होतीच. फरक एवढाच की तिचा निकाल कुणाचा क्रमांक लावण्यासाठी वापरला गेला नाही. कुठल्या मुलाला कुठून शिकवायला सुरुवात करायची, हे ठरवण्यासाठी वापरला गेला. डॉक्टरांचा थर्मामीटर ताप मोजतो तो औषध ठरवण्यासाठी, आणि शाळेच्या चाचणीकडेही तसेच पाहायला हवे.

महाराष्ट्राला हे परके नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला घेतले. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला तिथे गेले. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, बिया, माळा, गटात बसून एकमेकांना शिकवणारी मुले, असे ते वर्ग होते. मूल शिकले की नाही हे पाहण्यासाठी परीक्षेच्या दिवसाची वाट पाहावी लागत नव्हती. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला या कामातून बळ मिळाले. प्रत्येक मूल शिकू शकते, आणि शिकले नाही तर शिकवण्याची रीत बदलायची, हा त्याचा गाभा होता.

नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे महत्त्व इथे आहे. पायाभूत चाचणीत ज्या मुलीला हातच्याची वजाबाकी आली नाही, तिला संकलित चाचणीत आली का, हे नावानिशी कळू शकते. शिकागोत जी वाढ मोठ्या संशोधनाने मोजली तिची सामग्री आपल्या प्रत्येक वर्गात तयार होते आहे. ती वापरायची तर दोन गोष्टी लागतील. गुण भरण्याचे काम संपले की शिक्षकाला त्या गुणांवर काम करायला वेळ मिळाला पाहिजे. ऑनलाइन माहिती भरण्यातच दिवस गेले तर शिकवायचे कधी? आणि खरे गुण भरणाऱ्याला भीती वाटता कामा नये. ज्या शाळेने ‘आमच्या चौथीतल्या नऊ मुलांना वाचता येत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले, तिथे नोटीस जाण्याऐवजी मदतीला साधनव्यक्ती गेली पाहिजे. जिल्ह्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने एवढे एक धोरण ठरवले तरी त्या जिल्ह्याचे आकडे आधी खाली येतील, मग खरे होतील आणि पुढे खरोखरच वाढतील.

पालकांनी काय विचारावे

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत आणि समितीत निम्म्या महिला. हा अधिकार मोठा आहे, पण तो पोषण आहार आणि इमारत दुरुस्ती यांच्या सह्यांपुरता उरतो. निकालाची चर्चा समितीच्या सभेत व्हायला हवी आणि तिथे ‘आपली शाळा तालुक्यात कितवी?’ याऐवजी काही साधे प्रश्न विचारता येतील. तिसरीच्या पटावर किती मुले आहेत आणि त्यांतल्या किती जणांना गोष्ट वाचता येते? जूनमध्ये ज्यांना येत नव्हते त्यांतल्या कितींना आता येते? उरलेल्यांसाठी रोज काय केले जाते आणि पुन्हा कधी पाहायचे? चाचणीच्या दिवशी कोण गैरहजर होते आणि का? घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी वर्गात काय सोय आहे? ही माहिती शाळेत असते, ती समजायला पदवी लागत नाही, आणि चावडी वाचनासारख्या उपक्रमात गावाला ती स्वतः पडताळूनही पाहता येते. मात्र न वाचता येणाऱ्या मुलाचे नाव सभेत घेऊन त्याला लाज वाटेल असे काही होऊ देऊ नये. नावे शिक्षक आणि आईवडील यांच्यातच राहावीत.

जिल्हा पातळीवर हेच प्रश्न मोठ्या रूपात विचारायचे. वर्तमानपत्रांनी निकालाच्या दिवशी क्रमवारीच्या शेजारी गेल्या तीन-चार वर्षांची वाटचाल, परीक्षेत झालेले बदल आणि परीक्षेला न बसलेल्यांची संख्या छापावी. जिल्हा परिषदेने अहवालात ‘सरासरी किती’ याबरोबर ‘सर्वांत मागची मुले किती पुढे आली’ हा आकडा द्यावा. नंदुरबार, गडचिरोली, बीड यांसारख्या जिल्ह्यांची सिंधुदुर्गाशी शर्यत लावण्याऐवजी त्यांची कालच्या स्वतःशी तुलना करावी, आणि जिथे वाढ चांगली दिसते तिथल्या शिक्षकांना विचारावे की तुम्ही काय केले. जिथे वाढ खुंटली आहे तिथे जागा रिकाम्या आहेत का, एकाच शिक्षकावर चार वर्ग आहेत का, मुले हंगामात गावाबाहेर जातात का, हे आधी पाहावे आणि तिथे माणसे व पैसा आधी पाठवावा. मागे राहिलेल्या जिल्ह्याचा आकडा हा मदतीचा क्रम ठरवण्यासाठी वापरला, तरच परीक्षा घेण्याचे श्रम मुलांच्या पदरात काही टाकतील.